पुसून काढलेली काजळी

सासऱ्यांचा लोखंड कातायचा भंगलेला लेथ मिस्त्रींनी दोन वर्षं खपून उभा केला होता. हरवलेली चाकं घरीच ओतली, त्यांचे दात कानशीनं एकेक घासले. राहिला होता फक्त लांब स्क्रूला दोन्हीकडून धरणारा, दोन फाकांचा नट. लेथ उभा होता ती खोली मेहुण्याची. त्यानं बजावलंच होतं, "दाजी, आज चालला तर राहील. नाहीतर संध्याकाळी भंगारात."

स्क्रूभोवती साचा बांधून मिस्त्रींनी वितळलेलं जस्त ओतलं. घाम पुसतात तोच बायको म्हणाली, "अहो, स्क्रू किती काळा झाला होता! सकाळीच रॉकेलनं लख्ख पुसून ठेवलाय."

मिस्त्रींनी कपाळ चाचपलं. साचा बांधताना चष्मा कपाळावरच राहिला होता, स्क्रू काळा की लख्ख ते दिसलंच नव्हतं!

"अगं, ती घाण नव्हती! जस्त धरून बसू नये म्हणून दिव्यावर काजळी चढवली होती मी."

"मला काय स्वप्न पडलं होतं?" म्हणत ती साच्याशेजारी येऊन बसली.

साचा फोडून मिस्त्रींनी नट फिरवून पाहिला. ढिम्म! निवता निवता जस्त आणखीच आवळत होतं. अन् स्क्रू मूळचा, एकुलता एक. त्याचे आटे गेले की लेथ गेला.

खाटेवरून सासरे बोलले. नजर गेली होती, कान मात्र शाबूत.

"जावईबापू, शेवटी त्याच्या दोन फाकाच करायच्या ना? मग आत्ताच कापा."

"बाबा, करवत आट्यांना लागली तर?"

"मी ऐकतो."

बायकोनं स्क्रू घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले.

"रडू नकोस बाई, गंज चढेल," मिस्त्री पुटपुटले आणि करवत चालवली. खर्र, खर्र. म्हातारा मान कलती करून गवयाचा सूर धरावा तसा ऐकत होता.

"थांबा! आवाज पातळ झाला. आता एकच ओढ, हलक्या हातानं... बस्स!"

दुसरी बाजूही तशीच कापली. मिस्त्रींनी देवाचं नाव घेतलं, फटीत छिन्नी टेकवली आणि टिचकीएवढाच ठोका दिला. टक्!

नट उकलला. आतून आटे स्वच्छ उमटलेले, आणि स्क्रूवर ओरखडाही नाही.

करवतीनं खाल्लेल्या जागी पत्र्याच्या पट्ट्या घालून दोन्ही फाका जागेवर बसवल्या, तोवर मेहुणा हमालांना घेऊन दारात हजर. मिस्त्रींनी हातानंच चाक फिरवलं. फाकांनी स्क्रू धरला आणि हत्याराची बैठक संथपणे पुढे सरकू लागली.

मेहुण्यानं हमालांना हातानंच मागे सारलं. सासरे चाचपडत उठले.

"सरा बाजूला," ते म्हणाले. "आता मला फिरवू द्या."