सासूबाईंचा रुमाल आणि कचऱ्याची वीज

आमच्या सासूबाईंच्या मते विजेला वास येतो. सगळ्या नाही, आमच्या विजेला. कचऱ्याच्या डोंगरात जो गॅस तयार होतो, तो आम्ही नळ्यांनी ओढून इंजिनात जाळतो आणि त्यावर वीज करतो. त्या इंजिनावर मी ऑपरेटर. "त्या विजेनं इस्त्री केली की कपडे घाण मारतात," असं सासूबाई शेजारणींना सांगत फिरायच्या. महिनाअखेर नोकरी सोड, असा हुकूमही सुटला होता. मला ते इंजिन जिवापाड आवडतं, पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती. शेवटी म्हटलं, "एकदा येऊन वास घ्या आणि मग बोला."

आल्या. नाकाला रुमाल, कपाळाला आठ्या. इंजिनाभोवती दोन फेऱ्या मारून हुंगलं. नुसता तेलाचा वास! त्यांचा चेहरा पडला आणि मला मनात उकळ्या फुटल्या.

नेमकी तेव्हाच मीटरवर गॅसमधली हवा वाढायला लागली. कुठेतरी नळी फाटली होती, नाहीतर सांधा सैल झाला होता. हवा प्रमाणाबाहेर गेली की इंजिन आपोआप बंद पडतं. सासूबाईंच्या डोळ्यांदेखत ते बंद पडलं असतं, तर माझी नोकरी गेलीच म्हणून समजा. मी आणि फिटर डोंगरावर धावलो. त्याही मागोमाग आल्या. अशी गंमत कोण सोडतं?

आम्ही दोघं एकेक सांधा हुंगत सुटलो. गळती म्हटली की आमचं नाक पुढे! तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं, हा मेला पाइप माझा रुमाल गिळतोय!"

दम लागून त्यांनी पाइपावर हात टेकला होता आणि हातातला रुमाल सांध्याला घट्ट चिकटला होता. गॅस ओढणाऱ्या नळीला कुठे फट पडली तर गॅस बाहेर येत नाही, हवा आत जाते. मग वास कुठून येणार? हे मला तोंडपाठ होतं, तरी मी हुंगत होते. फिटरनं सांधा आवळला. मीटर खाली आला आणि इंजिन चालू राहिलं.

"एवढी शिकलेली माणसं, आणि हुंगताय काय?" सासूबाई म्हणाल्या. फिटरनं जीभ चावली.

नोकरी सोडायचा विषय तिथेच संपला. परवा मला जबर सर्दी झाली. म्हटलं, आज सुट्टी घेते.

सासूबाईंनी माझं पांघरूण ओढलं. "नाकाचं तिथं काय काम आहे? ऊठ, ड्यूटीवर जा."