वेनिंगचं मागणं

वेनिंगनं काय मागायचं ते तिला मी शिकवलं. आमच्या गावात याहून मोठी पापं होतात, नाही असं नाही. पण जी पापं कुणी बोलून दाखवत नाही त्यांत याचा नंबर बराच वर लागतो.

वेनिंग माझ्या धाकट्या भावाची, पार्जोनोची मुलगी. दोन वर्षांची असताना तिला आठवडाभर ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा डोक्याच्या मागच्या बाजूला केसांच्या तीन जटा झालेल्या. आमच्या पठारावर काही पोरांना हे होतं. अशा पोराचे केस आईबाप आपल्या मनानं कापत नाहीत. पोरानं स्वतः सांगायचं, मला अमुक द्या, मग कापा. ते अमुक समोर आणून ठेवल्याशिवाय कात्री लावायची नाही. आणि काय मागावं हे पोराला कुणी सुचवायचं नाही. सुचवलं की केस पुन्हा गुंततात, ताप पुन्हा येतो. शेजारच्या गावात एका बापानं सायकल मागणाऱ्या पोराला बकरी मागायला लावली, कारण बकरी घरचीच होती. त्या पोराचे केस दोनदा कापले, दोनदा जटा आल्या. आता ते पोर तिशीचं आहे, कानटोपी घालून ट्रक चालवतं.

चार वर्षांची असल्यापासून वेनिंगला विचारलं की ती एकच सांगायची, "दोन पांढरी बदकं." पार्जोनो म्हणायचा, एक चांगलं पीक येऊ दे, मग गावजेवण घालून केस कापू. बदकं स्वस्त होती, गावजेवण नव्हतं. आणि चांगलं पीक काही आलं नाही.

येणार कुठून? आमच्या लोकांनी डोंगर कपाळापर्यंत नांगरून काढलाय. पावसाळ्यात निम्मी माती खाली तळ्यात जाते, उरलेल्या मातीला कोंबडीखत आणि फवारण्या पाजाव्या लागतात. ज्यांना शेती कळते ते शेतीला शिव्या देतात. ज्यांना कळत नाही त्यांनी घराच्या दोन खोल्या रंगवून सूर्योदय बघायला येणाऱ्या पाहुण्यांना द्यायला काढल्यात. मी बटाटेच लावते. मला पाहुण्यांशी गोड बोलता येत नाही.

त्या वर्षी पार्जोनोच्या बायकोनं, तुमिनीनं, विषय काढला. तिचा भाऊ समुद्रापलीकडं कालिमंतानात पामच्या मळ्यावर होता. राहायला घर, पोरांना शाळा, महिन्याच्या महिन्याला पगार. मळ्याचा मुकादम मोटारसायकलवरून येऊन नावं लिहून गेला. जूनमध्ये निघायचं ठरलं. वरचं शेत पार्जोनोनं त्या हंगामाला लावलंच नाही. मात्र वेनिंगचे केस जाण्याआधी कापायला हवे होते. जटांचं पोर समुद्रापार नेत नाहीत.

माझं घर त्यांच्या घराला चिकटून आहे, भिंत एकच. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, मूल नाही. सकाळी भिंतीपलीकडून वेनिंगचं खोकणं ऐकू आलं की मी चूल पेटवायचे आणि ऊठ म्हणून इकडूनच तिच्यावर ओरडायचे. ती गेल्यावर मी चूल कशावरून पेटवणार होते, हा साधा प्रश्न होता. तो मी कुणाला विचारला नाही. त्याऐवजी मे महिन्यात एका दुपारी तिची मान धुता धुता मी म्हटलं, "आता विचारतील तेव्हा बदकं मागू नकोस."

"मग काय मागू?"

"वरच्या शेतातले बटाटे. टोपलीभर. बाबानं लावलेले, बाबानंच काढलेले."

"बाजारातले नको?"

"बाजारातले नको म्हणून सांग."

"आणि बदकं?"

"बदकं इथल्या थंडीत मरतात."

"बरं," ती म्हणाली. पोर आज्ञाधारक होतं, तेच वाईट झालं.

संध्याकाळी चुलीभोवती सगळे बसले असताना पार्जोनोनं विचारलं आणि तिनं पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं. पार्जोनोचा घास हातातच राहिला. तुमिनीनं आधी पोरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"वन्सं, सात वर्षांच्या पोरीला बटाट्याची स्वप्नं पडतात होय? आमच्या घरात तर बटाटा दिसला की ताट सरकवतात."

"मला काय विचारतेस? तिचं डोकं, तिचे केस."

"केस तिचेच आहेत. डोकं कुणाचं ते विचारतेय."

मी भातावर आमटी वाढून घेतली. पार्जोनो म्हणाला, "लावायचे, वाढवायचे, काढायचे म्हणजे सप्टेंबर उजाडणार. तोवर मुकादम थांबणारय का?" मला तेच हवं होतं. मुकादमानं निरोप पाठवला, पुढची तुकडी सप्टेंबरअखेर जाईल, तेव्हा या. मी मनात म्हटलं, चार महिन्यांत माणसाचं मन काय, डोंगरसुद्धा सरकतो.

बियाणं मी दिलं. माळ्यावर ठेवलेले माझे बटाटे मोड येऊन तयारच होते. ते बघून तुमिनी म्हणाली, "वन्सं, तुमची तयारी बाकी चोख असते हं."

पार्जोनोनं आधी कुरकुर केली, मग कामाला लागला. तो वाईट शेतकरी नाही, थकलेला आहे एवढंच. जूनमध्ये वाफे हिरवे झाले. जुलैत थंडी उतरली आणि एके दिवशी पहाटे पानांवर पांढरं दिसलं. याला आम्ही विषाचं दव म्हणतो. त्यावर ऊन पडलं की पान काळं पडतं, दुपारपर्यंत शेत जळाल्यासारखं दिसतं. ऊन पडायच्या आत ते पाण्यानं धुवून काढायचं, दुसरा उपाय नाही. पार्जोनोनं पाइप खांद्यावर घेतला, मी पंप धरला. तुमिनी सारोंग खोचून वाफ्यावाफ्यातून पाइप ओढत होती. तिचे हात गाजरासारखे लाल झालेले. ज्या बटाट्यांनी तिला इथं अडकवून ठेवलं होतं तेच ती वाचवत होती, पोरीच्या केसांसाठी. मला तिची लाज वाटली. म्हणजे माझी वाटली. तरी मी पंप चालवत राहिले.

आमचे चार वाफे गेले, बाकी सगळं वाचलं. पलीकडच्या उतारावर ज्यांना उठायला उशीर झाला त्यांचं सगळं गेलं. त्यामुळं सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही बटाटे काढले तेव्हा भाव चढलेला होता. चार वर्षांत असं पीक नव्हतं. पार्जोनो बांधावर बसून सिगारेट ओढत मोठमोठे बटाटे हातात घेऊन बघत राहिला.

"ताई, अजून एक पीक घेऊन बघितलं तर?"

मी खाली वाकून पोत्याचं तोंड शिवायला घेतलं. बोलले असते तर आवाजावरून कळलं असतं. त्या रात्री मला चार महिन्यांत पहिल्यांदा चांगली झोप लागली.

केस कापायला तीन दिवस उरले असताना वेनिंगला ताप भरला.

जटांच्या पोरांना ताप येतोच, तुमिनी पाच वर्षं काढा देऊन देऊन तरबेज झाली होती. पण मला तो कानटोपीवाला ट्रक ड्रायव्हर दिसायला लागला. पोरीच्या कपाळावर हात ठेवला तर चटका बसला. मी उठले आणि कार्सोआजोबांकडं गेले. गावातल्या जटांच्या पोरांचे केस तेच कापतात, त्यांच्या आधी त्यांचे वडील कापायचे. ते अंगणात फवारणीचा पंप खोलून बसले होते.

"आजोबा, मला एक सांगायचंय."

"बटाट्याचं ना?" पंपातून डोळे न काढता ते म्हणाले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? साठ वर्षांत पोरांनी माझ्याकडं काय काय मागितलं! बकरी, कानातलं, एका पोरानं तर शेजाऱ्याचा कोंबडा. 'बाजारातले नको' असं सांगणारी ही पहिली." त्यांनी वॉशर उजेडात धरून पाहिला. "मी सगळ्यांसमोर तिला परत विचारणार आहे. तिच्या तोंडून तिचं आलं तर कापीन. तुझं आलं तर कात्री खाली ठेवीन आणि का ठेवली ते लोकांना सांगीन."

"मग मी काय करू?"

"जे करायला नको होतं ते केलंस. आता उरलेलं कर."

घरी येऊन मी वेनिंगच्या उशाशी बसले. तुमिनी पाणी आणायला गेली होती. मी म्हटलं, "वेनिंग, मी सांगितलेलं विसर. तुला हवं ते माग."

"बटाटे मागायचे नाहीत?"

"तुला हवे असतील तर माग."

"मला बटाटे आवडत नाहीत, आत्या."

"ठाऊक आहे मला."

हे बोलायला सोपं नव्हतं. तिनं काहीही मागितलं तरी त्यात मी नसणार, हे मला कळत होतं. पण तापलेल्या कपाळावर हात होता आणि तो काढता येत नव्हता.

ताप उतरला. केस कापायच्या दिवशी सकाळी सात झऱ्यांचं पाणी आलं, भाताचा पिवळा ढीग रचला, त्याभोवती कोंबडी आणि अंडी मांडली. वरच्या शेतातल्या बटाट्यांची टोपली मधोमध. सगळं गाव जमलं. कार्सोआजोबांनी धूप लावला, बिस्मिल्ला म्हटलं आणि वेनिंगच्या डोक्यावर पांढरं कापड ठेवून विचारलं, "बाळ, तुला काय हवं?"

"दोन पांढरी बदकं."

लोक हसले. पार्जोनो उभाच राहिला. "बदकं? अगं, मग हे बटाटे?"

"बटाटे लोकांना खायला," वेनिंग म्हणाली.

कार्सोआजोबांनी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तेच उत्तर आलं. बदकं समोर आल्याशिवाय कात्री नाही. आमच्या गावात थंडीमुळं बदकं कुणी पाळत नाही, म्हणून पार्जोनो नव्या कपड्यांतच मोटारसायकलवर बसला आणि खाली वोनोसोबोच्या बाजाराकडं सुटला. तीन तास सगळं गाव वाट बघत बसलं. शेवटी तुमिनीनं तो टोपलीभर बटाटा उकडायला टाकला आणि लोकांनी मीठ-मिरचीबरोबर संपवला. माझ्या हातात एक देऊन ती म्हणाली, "खा वन्सं. मेहनत तुमचीही आहे." त्यात टोमणा होता की नव्हता, मला आजही सांगता येणार नाही.

बदकं आली तेव्हा पार्जोनोच्या शर्टावर त्यांची घाण होती. तीन जटा कापल्या गेल्या, कापडात बांधून ओढ्यात सोडल्या. वेनिंग मानेवरून हात फिरवत राहिली, थंडी वाजते म्हणाली.

"अजून एक पीक" हे पार्जोनो पुन्हा बोलला नाही. पोरीनं बटाटे नाकारले, त्याला त्यात कौल दिसला असावा. माणसाला जे करायचं असतं त्याला कौल मिळतोच. जायचा खर्च त्या पिकातूनच निघाला. माझ्या बियाण्याच्या, माझ्या पंपाच्या, माझ्या युक्तीच्या पिकातून. मी देवाला दोष दिला नाही, पण त्याला विनोद कळतो एवढं मान्य केलं.

सप्टेंबरअखेर ट्रक आला. भांडी, गाद्या, शिवणाचं यंत्र वर चढलं. बदकं अंगणात तशीच होती, पाय बांधलेली.

"अगं, ही राहिली की तुझी," मी वेनिंगला म्हटलं.

"बोटीत बदकं घेत नाहीत. मामानं कधीच सांगितलंय."

"मग मागितलीस कशाला?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी पहिलीतलं गणित चुकले.

"आम्ही गेल्यावर तू ओरडणार कुणावर, आत्या?"

ट्रक वळणावर जाईपर्यंत मी उभी होते. रडले. तुमिनी मागच्या फळीवर बसली होती, तिनं ते बघितलं आणि हात हलवला.

याला आता वर्ष होत आलं. वेनिंग रविवारी फोन करते, केस सरळ आलेत, मानेपर्यंत पोचलेत. बोलून झालं की फोन अंगणात बदकांसमोर धरायला सांगते. वरचं शेत पडीक आहे. मला एकटीला तेवढं झेपत नाही आणि भाड्यानं मागणारं कुणी आलं नाही. बदकं या थंडीत मरतात हे मी तिला खोटं सांगितलं नव्हतं, पण ही दोन मेली नाहीत. जुलैत विषाचं दव पडलं त्या आठवड्यात मी त्यांना चुलीजवळ घेतलं होतं. स्वयंपाकघरभर घाण केली त्यांनी. मी पहाटे उठून चूल पेटवली आणि भिंतीपलीकडं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं त्यांच्यावर ओरडले.