पोचे पाडून मिळतील

गाड्यांचे पोचे काढण्यात मिस्त्रींची चाळीस वर्षं गेली. पूर्वी नुसतं नाकाड बघून ते गाडी ओळखायचे. एखादी डोळे वटारलेली, एखादी गाल फुगवून बसलेली. गॅरेज लेकीच्या हवाली केल्यावर त्यांनी नवी राखाडी गाडी घेतली. सगळ्यांची तसलीच होती.

एका दुपारी दवाखान्यासमोर गाडीच्या मागच्या सीटवर बायकोचा डोळा लागला. तिला उकडू नये म्हणून गाडी चालूच ठेवून मिस्त्री औषधं घेऊन आले आणि समोरच्या चालू गाडीत बसून निघाले. अर्ध्या वाटेत मागून आवाज आला, "जावईबापू, जरा हळू."

आरशात भलत्याच आजी!

"अहो, मी तुमचा जावई नाही!"

आजींनी चष्मा पुसून लावला. "अगंबाई! पण गाडी तरी आपलीच आहे ना?"

मिस्त्रींना छातीठोकपणे काही सांगता येईना. तेवढ्यात बायकोचा फोन आला. "तुमच्या मागे आजी बसल्यात ना, त्यांच्या जावयाने मला घरी आणलंय. चहा घेतेय. माणसं चांगली आहेत. सावकाश या."

अदलाबदल झाली. घरी येताच मिस्त्रींनी हातोडा उचलला, डोळे मिटले आणि डाव्या दिव्याच्या वरच्या पत्र्यावर एक घाव घातला. जन्मात पहिल्यांदाच पोचा पाडला होता. गाडीने जणू एक भुवई उंचावली. झकास दिसली.

दुसऱ्या दिवशी आजींचा जावई हजर. "मलाही एक द्या." त्याच्या गाडीच्या गालाला खळी पडली. लेकीने गॅरेजवर पाटीच लावली. रांग लागली. मिस्त्री मालकाचा चेहरा निरखून पोचा ठरवायचे. शाळेच्या मुख्याध्यापिकेला त्यांनी कपाळावर आठी दिली.

मग एक वकील आला. "मला तुमच्यासारखाच हवा. डाव्या दिव्यावर."

"तुम्हाला नाही शोभायचा."

"सगळे तोच घेतायत हो!"

मिस्त्रींनी साफ नकार दिला. वकिलाने तो दुसरीकडे पाडून घेतला. महिन्याभरात दवाखान्यासमोर एक भुवई उंचावलेल्या राखाडी गाड्या ओळीने उभ्या. मुख्याध्यापिकेनेही आठी काढून भुवई करून घेतलेली.

मिस्त्री तडक गॅरेजवर गेले, आपला पोचा काढला, पत्रा आरशासारखा गुळगुळीत केला आणि मोठ्या ऐटीत बायकोला आणायला बाजारात गेले.

बायकोने गाडीभोवती एक चक्कर मारली. "ही आपली नाही."

"अगं, मी आत बसलोय ना!"

"तुम्ही काय, कुणाच्याही गाडीत बसता."

ती काही केल्या बसेना. शेवटी मिस्त्रींनी गाडी तिथेच लावली आणि पिशव्या उचलून तिच्यामागे चालू लागले.