अस्सल काळा ओटा

मनकर्णाबाई गेल्या आणि वर्षाच्या आत त्यांचा ओटा पांढरा पडला. पालमच्या त्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत होतं, कारण किशनराव स्वतः ते दाखवायचे. बैठकीतून उठायचे, पाहुण्याला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत न्यायचे आणि सून आत असली तरी तिच्या पाठीमागून बोट करायचे. "बघा. आमची ही होती तवर आरशावानी होता. आन् आता बघा." सून भक्ती तोंड न वळवता पोळ्या लाटत राहायची.

मनिषानं हे फोनवर इतक्यांदा ऐकलं होतं की तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं. ती किशनरावांची थोरली. परभणीत कॉलेजात शिकवायची. वाचन दांडगं होतं. सुनेवरचे असले आरोप कुठून उगवतात हे तिला एरवी चटकन कळलं असतं. पण आई गेल्यापासून तिला कुणावर तरी रागवायचं होतं, आणि भक्ती हाताशी होती. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी एसटीतून उतरून ती घरी आली, पायांवर पाणी घेतलं आणि थेट स्वयंपाकघरात गेली.

ओटा खरंच पाहवत नव्हता. राखेच्या रंगाचा झाला होता. शेगडीभोवती फिकट वर्तुळं, नळापाशी खाऱ्या पाण्याची पांढरी किनार, आणि मधे कुठं कुठं जुना काळेपणा, विटलेल्या छत्रीसारखा.

"काय लावायलीस तू याला?" मनिषानं विचारलं.

"पाणी," भक्ती म्हणाली.

"नुसतं पाणी?"

"पाणी आन् भांड्याचा साबण. तारेची घासणी न्हाई, ॲसिड न्हाई. अप्पांना वाटतं मी संडासाचं ॲसिड आणून ओतते यावर. ताई, तुमाला बी तसंच वाटत असंल तर आत्ताच बोलून घ्या. उद्या पाहुण्यांसमोर नको."

मनिषानं पदर खोचला आणि म्हणाली, "सोडा कुठं हाय? घासून बघू."

हा दगड घेतला तेव्हा ती सोबत होती. घर नवं होतं, आणि जन्मभर खाली बसून स्वयंपाक केलेल्या आईला पहिल्यांदाच उभा ओटा मिळणार होता. परभणीत फरशीच्या दुकानामागच्या आवारात लाद्या उभ्या करून ठेवल्या होत्या. आई एका लादीपुढं थांबली. करड्या रंगाची, अंगभर तांबूस-काळे ठिपके, जणू कुणी तिच्यावर ज्वारीच्या कण्या सांडल्या होत्या. आईनं तिच्यावर ओला हात फिरवला, वाळू दिलं आणि परत वाकून पाहिलं. "हे घ्या की," ती म्हणाली. "आपल्या बोअरचं पाणी लय खारं हाय. यावर डाग दिसणार न्हाईत."

दुकानदार ओळखीचा होता. त्याच्यादेखत किशनराव हसले. "दगड काय डाग लपवायला घेत असतेत व्हय? लुगडं न्हाई ते." मग त्यांनी स्वतः एक काळीभोर लादी निवडली. अंगठीनं टकटक करून आवाज ऐकला, तिच्यात तोंड पाहून मिशी नीट केली. "अस्सल काळा," ते म्हणाले.

पालममध्ये बैल घ्यायचा असो, मोटारसायकल असो की सोयरीक जुळवायची असो, लोक किशनरावांना सोबत न्यायचे. आपल्याला फसवणारा अजून जन्मायचाय, हे ते चारचौघांत म्हणायचे आणि चारचौघं मान डोलवायचे. त्यांच्या शब्दावर त्याच दुकानातला तोच काळा दगड गावातल्या आणखी काही घरांत गेला. ठिपक्यांच्या लादीचं नाव आईनं पुन्हा काढलं नाही.

सोड्याचा डबा मोरीपाशी परसात होता. तो घेताना मनिषाची नजर रांजणाखाली गेली. सिंक बसवायला लादीच्या पोटातून जो चौकोन कापून काढतात, तो आईनं टाकू दिला नव्हता. रांजण चिखलात नको म्हणून त्याखाली घातला होता. मनिषा वाकली. रांजणाच्या बुडाबाहेर आलेला दगड राखेच्या रंगाचा होता. ओट्याइतकाच, तसाच.

ती तिथंच उकिडवी बसून राहिली. या तुकड्यावर भक्तीनं कधी भाजी चिरली नव्हती. त्याला कुणी काही लावलं नव्हतं. घरात या दगडाकडं इतकी वर्षं कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं.

"भक्ती," तिनं हाक मारली. "जरा इकडं ये."

भक्तीनं पाहिलं, आणि आत जाऊन नखांचा रंग काढायची बाटली आणि कापूस घेऊन आली. "दगडाचा रंग खरा का खोटा ते यानं कळतं, मोबाईलवर बघितलं होतं मी," ती म्हणाली. "पण करून बघायची हिंमत न्हाई झाली. काही वंगाळ निघालं असतं तर तेबी माझ्याच माथी आलं असतं."

ओट्याच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात डब्यांची रांग होती. तिथं कुणाचा हात जायचा नाही, म्हणून तेवढा पट्टा अजून काळाभोर होता. मनिषानं डबे सरकवले, कापूस भिजवला आणि दोनदा घासला. कापूस काजळासारखा झाला. खालून तीच राख निघाली.

भक्तीनं कापूस उजेडाला धरला.

"म्हंजे रंगच दिलेला व्हता," भक्ती म्हणाली. "मग आई होत्या तवर कसा काय चमकायचा?" आणि मग तिलाच काहीतरी सुचलं. "ताई, मला त्यांनी कधी ओटा पुसू दिला न्हाई. लगीन होऊन आले तवापासून. म्हणायच्या, तू भांडी घे, ओटा मी बघते. दुपारी अप्पा पडले की दार लोटून घ्यायच्या. मला वाटायचं, माझं पुसलेलं पटत न्हाई त्यांना. लय राग यायचा मला."

तिनं सिंकखालचं दार उघडलं. पाइपाच्या मागं हात घातला आणि एक बाटली काढली. अर्धी भरलेली, चिकट, बुचाला जुन्या बनियनचा तुकडा गुंडाळलेला. "ही मी फेकून देणार व्हते. मला वाटलं पायांना लावत असतील."

मनिषानं बूच काढलं. खोबरेल.

आईच्या हातांना हाच वास यायचा. लहानपणी वेण्या घालून झाल्यावर यायचा, तोच. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत मनिषा आईचा तळवा नाकाशी धरून बसायची. तिला वाटायचं, आपल्या वेण्यांचा वास अजून या हातांत आहे, इतक्या वर्षांनी. त्याच एका गोष्टीवर तिनं हे वर्ष काढलं होतं. तो वास ओट्याचा होता.

तिनं बूच घट्ट लावलं आणि बाटली जागेवर ठेवली.

किशनराव बैठकीत दिवाणावर पडले होते. मनिषानं तो काळा कापूस त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो हातात घेतला नाही, नुसता पाहिला.

"अप्पा, दगड रंगवलेला होता. आई त्याला तेल लावायची. रोज."

"हळू बोल," किशनराव म्हणाले.

त्यात आश्चर्य नव्हतं. मनिषाला ते समजायला थोडा वेळ लागला.

"तुमाला माहीत होतं?"

"पहिल्याच उन्हाळ्यात रंग उतराया लागला. मला काय दिसत न्हाई का? म्हणलं, आता गावात तोंड कसं दाखवावं. आठ दिसांनी बघतो तर पुन्हा काळाभोर. समजलो मी. लोकांचे ओटे उतरले, तर आमचा बघून ते आपल्याच बायकांना बोलायचे." ते उठून बसले. "आन् तेल कोण आणायचं मग? संपलं की ती रिकामी बाटली खिडकीत ठिवायची. मी बाजारातून नवी आणून तिथंच ठिवायचो. एका शब्दानं बोलली न्हाई कधी. मीबी बोललो न्हाई."

हे त्यांनी असं सांगितलं, जणू त्या दोघांच्या संसारातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच होती. कदाचित असेलही, मनिषाच्या मनात आलं, आणि त्या विचारानंच तिला कसंतरी झालं.

"मग भक्तीला वर्षभर का बोलायलात?"

"तिला डोळे न्हाईत का? मनकर्णाला कुणी सांगितलं व्हतं?"

"तुमी सांगायचं होतं."

"काय सांगू? दगड घेण्यात फसलो म्हणून? सुनेला?"

मनिषानं कापूस मुठीत घेतला. "शेवटी शेवटी आईला धड उभं राहवत नव्हतं. तेव्हापण लावायची?"

"लावायची. स्टूल घेऊन बसून लावायची."

"आन् तुमी बघत होता."

किशनराव पंख्याकडं पाहत राहिले. "नको म्हणायला पायजे व्हतं का मी? मग तिला कळलं असतं की मला माहीत हाय." मग जरा समजुतीच्या सुरात ते म्हणाले, "उद्या पाहुणे यायच्या आत तेवढं तेल लावून घ्या दोघी. गंगाखेडची प्रयाग येणार हाय. तिला लय नजर हाय."

दोघींनी तेल लावलं नाही. त्याबद्दल त्या एकमेकींशी बोलल्याही नाहीत. भक्तीनं सोडा टाकून गरम पाण्यानं ओटा धुतला, मनिषानं फडक्यानं कोरडा केला. राहिलेलं तेल गेलं तसा तो आणखी फिका दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी पिंड झाले, कावळा शिवला, पानं उठली. प्रयागआत्या, किशनरावांची धाकटी बहीण, हात धुऊन स्वयंपाकघरात आली आणि दारातच थांबली. तिच्यामागं भावकीतल्या दोन बायका होत्या.

"अगं बाई, वहिनीच्या ओट्याचं हे काय झालं?"

भक्ती पातेलं घासत होती. तिचा हात थांबला. किशनराव उपरणं सावरत दाराशी आले होते. त्यांनी एकदा मनिषाकडं पाहिलं, आणि मनिषाला वाटलं, आता ते बोट करतील. त्यांनी बोट केलं नाही.

"ती गेली, प्रयाग," ते म्हणाले. "तिच्यासंगं दगड बी विझला."

आवाज भरून आला होता, आणि तो खोटा नव्हता. प्रयागआत्यानं पदर डोळ्याला लावला. मागची एक जण म्हणाली, "दगडाला बी माया लागली म्हणायची." स्वयंपाकघरात सगळ्या जणी नाक ओढायला लागल्या. भक्ती सुटली होती. किशनराव सुटले होते. आणि आईनं इतक्या दुपारी दार लोटून जे केलं, ते या एका सुंदर वाक्याखाली कायमचं गेलं होतं. गप्प राहावं, आईलाही हेच हवं असेल, असं मनिषानं स्वतःला सांगून पाहिलं. ते खरंही होतं. तरी तिला गप्प राहता आलं नाही.

"न्हाई आत्या," ती म्हणाली. "दगड रंग दिलेला होता. रंग पहिल्याच वर्षी उडाला. आई रोज तेल लावून काळा ठेवायची. अप्पांची फजिती होऊ नये म्हणून. आजारी होती तेव्हापण, स्टुलावर बसून लावायची."

किशनराव दाराच्या चौकटीकडं पाहत होते. मनिषाचा भाऊ, भक्तीचा नवरा आदिनाथ पाण्याचा जग भरायला आला होता. त्यानं तो अर्धाच भरला आणि बाहेर गेला.

प्रयागआत्यानं डोळे पुसले आणि ओट्यावर बोट ओढून पाहिलं. "आस्सं," ती म्हणाली. चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. "मग येवढंच हाय की. तेलाला असं काय पडतं? आता हिनं लावावं."

"तर काय," मागची बाई म्हणाली.

सगळ्यांना एकदम सोपं वाटलं. मनिषाला वाटलं होतं, आपण आईबद्दल काहीतरी सांगितलं. त्यांनी ऐकली होती ती ओट्याची निगा.

"मी न्हाई लावणार," भक्ती म्हणाली.

तिनं आवाज चढवला नव्हता. पातेलं उपडं घातलं, हात पुसले. "पाण्यानं पुसीन. रोज पुसीन. तेल न्हाई लावणार."

"बघ रे दादा, कशी बोलायलीय," प्रयागआत्या म्हणाली. पण किशनराव बैठकीत निघून गेले होते.

पाहुणे गेल्यावर त्यांनी चहा मागितला. जेवणानंतरचा त्यांचा चहा ठरलेला, बिनदुधाचा, लिंबू पिळलेला. मनिषानं नेऊन दिला. थोड्या वेळानं ते रिकामा पेला घेऊन स्वयंपाकघरात आले आणि ओट्यापाशी हात पुढं करून उभे राहिले. आई असताना तो पेला कधी दगडावर टेकला नव्हता. ती पुढं होऊन त्यांच्या हातातून घ्यायची. भक्ती डाळ निवडत होती. मनिषा भांडी मांडत होती. दोघींपैकी कुणी हात पुढं केला नाही.

शेवटी त्यांनी पेला ओट्यावर ठेवला, आणि लगेच उचलला. खाली ओलं वर्तुळ उमटलं होतं. त्यांनी ते उपरण्याच्या टोकानं पुसलं. परत पुसलं. वर्तुळाचा फिकट डाग तसाच राहिला.

"तेल कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

खिडकीत पाहिलं, तिथं काही नव्हतं. मग वरच्या फळीवर पाहिलं, डब्यांच्या मागं पाहिलं. इतकी वर्षं बाटल्या त्यांनीच आणल्या होत्या. आई त्या कुठं ठेवायची, हे त्यांना माहीत नव्हतं.

मनिषा भांडी मांडत राहिली.