आनंदाबाईचा धुरा

जेसीबीच्या पुढ्यात रूपराव धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, मांडी घालून बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ड्रायव्हरने इंजिन बंद केले आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला घेतला. म्हातारा लवकर उठत नाही, हे त्याने ओळखले होते.

पेरणीआधी विहिरीवरून खालच्या वावरात पाईप न्यायचा होता आणि त्यासाठी खणायची चारी नेमकी या धुऱ्यातून जात होती. रूपरावांचा मुलगा अंकुश सकाळपासून त्यांना समजावत होता.

"बा, हातभर जागा आहे. काऊन अडून राह्यले?"

"तुह्या मायची जागा हाय थे."

अंकुशची आई, आनंदाबाई, जन्मभर वावरात निंदण करत राहिली. कापसातले कुर्डूचे एक रोप तिच्या खुरप्यातून सुटायचे नाही. धुऱ्यावर मात्र तीच कुर्डू तिची लाडकी होती. महालक्ष्म्या बसल्या की ती त्यांच्यापुढे तांब्यात कुर्डूचे गुलाबी तुरे ठेवायची. आंजी गावातल्या बाया हसायच्या, तण कोणी देवीपुढे ठेवते का म्हणायच्या. ती म्हणायची, आमच्या वावरातलं आहे, देवीला ओळख पटते. पेरणीआधी ती खुरपे घेऊन एकटीच धुऱ्यावर बसायची. विसावा घेत असेल, असे रूपरावांना वाटायचे.

ती गेली तेव्हा त्यांनी तिचे खुरपे गोठ्यातल्या खुंटीला टांगले आणि धुऱ्याला कोणाचा हात लागू दिला नाही. नांगर तिथवर आला की स्वतः बैल वळवायचे. तरी पहिल्या वर्षी फुले कमी आली, दुसऱ्या वर्षी चारदोन, मग नुसते हराळी-कुंद्याचे गवत माजले. सून मोहिनी वर्ध्याहून शेवंती आणायची. रूपराव तिला काही बोलत नसत, पण महालक्ष्म्यांपुढे त्यांचे मन लागायचे नाही. आनंदाबाई आपल्यावर रुसली, असे त्यांनी मनाशी धरले होते.

अंकुश शेवटी त्यांच्याशेजारी येऊन बसला. पाणी पोचले नाही तर खालची यंदाची तूरही हातची जाईल, एवढेच हळू म्हणाला. रूपराव उठले, टोपी घातली आणि मागे न पाहता घरी गेले. त्या पावसाळ्यात ते धुऱ्याकडे फिरकले नाहीत.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी मोहिनी आघाडा आणायला वावरात गेली आणि रिकाम्या हाताने परतली.

"मामाजी, जरा चालता का धुऱ्यावर?"

चारी बुजवली होती तेवढ्याच पट्ट्यात कुर्डू गुडघाभर उभी होती, तुऱ्यांना गुलाबी रंग चढलेला. दोन्ही बाजूंच्या गवतात एक रोप नव्हते. रूपराव खाली बसले. त्यांनी पट्ट्यातली माती मुठीत घेतली. ती भुसभुशीत होती.

"थे विसावा नोती घेत," ते म्हणाले. "माती हालवून राह्यली होती. अन् म्या जपून जपून बुजवलं तिचं."

त्यांना रडू आले, ते त्यांनी लपवले नाही.

महालक्ष्म्या उठल्यावर दुसऱ्या सकाळी त्यांनी खुंटीवरचे खुरपे काढले, दगडावर घासून गंज उतरवला आणि धुऱ्यावर गेले. आनंदाबाई बसायची ती जागा त्यांनी मोकळी सोडली. तिच्या शेजारी बसून कुंद्याच्या मुळाशी माती उकरू लागले.