कौसल्या उमरेडहून कुठं गेली

पलीकडच्या लेआउटमध्ये दोन घुसखोर सापडले, अन् आमच्या गल्लीच्या नाकाले मिरच्या झोंबल्या. टीव्हीवर रोज संध्याकाळी लोकं घुसखोरीवर भांडून राहिले, अन् आपल्याकडं एकही निघू नये? इज्जतीचा सवाल झाला म्हणे. मधुसूदनराव सरकारी ऑफिसातून हेडक्लार्क रिटायर झालेले, त्यायनं समिती काढली. आमचा बुढा, म्हणजे माहा नवरा नानाजी, तिचा सेक्रेटरी. घरात चहाचा कप उचलत नाही, पण घुसखोर उचलाले सगळ्यायच्या पुढं.

समितीनं घरोघरी कागद मागितले. मधुसूदनरावायचे बापजादे भोसल्यायच्या फौजेसंगं आले, त्यायले तर आल्याचाच अभिमान. घोड्यावर आला तो घुसखोर नसते म्हणे.

माहा नंबर आला अन् घोळ झाला. शाळेच्या दाखल्यावर मी कौसल्या, बाप धोंडबा, गाव उमरेड. रेशनकार्डावर मैनाबाई. लग्नात बुढ्यानं ताटातल्या तांदळावर 'मैना' लिहिलं, मग सासूनं ते तांदूळ डब्यात टाकून दिले. आता त्याची झेरॉक्स कुठून आणू? समितीनं दोन तास डोकं लावून निकाल काढला, की कौसल्या उमरेडहून कधी निघालीच नाही, अन् मैना कुठून आली त्याचा पत्ता नाही. म्हणजे घुसखोर सापडली. पेढे वाटले मेल्यायनं. खरं सांगतो, मले भेव वाटलं. चव्वेचाळीस वर्षं ज्या घरात राबली, ते मले समितीच्या हुकमानं रविवारपर्यंत सोडाचं होतं.

एकच तोड होती. दोन्ही नावानं ओळखणारा साक्षीदार पाहिजे. त्यायनं बुढ्याले इचारलं. तो उभा राहिला, घसा खाकरला, अन् म्हणाला, "मी कोणत्या कौसल्येले ओळखत नाही."

खोटं नव्हता बोलत. मैना तरी कधी म्हटलं त्यानं? जन्मभर 'अवं, आयकलं का' एवढंच. माह्या अंगाची लाही लाही झाली. घरी गेली, पिशवी भरली, अन् तशीच समितीसमोर येऊन उभी राहिली.

तेवढ्यात मधुसूदनरावायच्या डोक्यात आलं, की ही मैना असंल तर लग्नातली कौसल्या गेली कुठं? तिले शेवटचं पाहिलं ते नानाजीसंगं, मांडवात. पोलीस ठाण्यात कळवाचं ठरलं. तवा बुढ्याले घाम फुटला. माह्यासमोर येऊन त्यानं हात जोडले.

"कौसल्या," तो म्हणाला, "सांग ना वं यायले."

बाप गेल्यापासून त्या नावानं मले कोणी हाक मारली नव्हती. अजून एकडाव म्हणा, असं मी म्हटलं. त्यानं म्हटलं.

मग मी मधुसूदनरावायकडं वळली. "लिहा, मी बाहेरचीच आहे. बापाच्या घरून आणली तवा कोणी कागद नाही मागितला. मले इचारलं बी नाही."

त्यायनं पेन काढला, पण लिहिलं काही नाही. माह्यामागं गल्लीतल्या बाया आपापले माहेरच्या नावाचे दाखले घेऊन लाइनीत लागल्या होत्या, अन् पहिला नंबर त्यायच्याच बायकोचा होता.