उंबऱ्यातलं नाणं

गोजराबाईच्या सासऱ्यानं जपलेल्या बारा जुन्या नाण्यांपैकी अकरा पौडाच्या नारूशेट सराफानं गेल्या वर्षी मोडीच्या भावात घेतली होती. "खोटी आहेत," म्हणाला होता. त्यातलं एकच नाणं त्यानं पुण्यातल्या जुन्या नाण्यांच्या शौकिनाला दीडशेला विकल्याचं घोटावड्याच्या सोनारानं सांगितलं, तेव्हापासून बाई धुमसत होती.

आज पौडाचा बाजार होता आणि शेटचं दुकान माणसांनी भरलेलं. तिनं कनवटीचं बारावं, शेवटचं नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं. शेटचे डोळे लकाकले, पण तोंड वाकडं करून तो सगळ्यांदेखत म्हणाला, "हेही खोटंच, बाई. पाच रुपये घ्या नि ठेवून जा."

"खोटं हाय न्हवं? मंग रीतीपरमानं हुंद्या."

रीत सगळ्यांना ठाऊक होती. खोटं नाणं पुन्हा बाजारात फिरू नये म्हणून दुकानदार ते उंबऱ्यात ठोकून टाकायचे. गोजराबाईनं नाणं उचलून त्याच्याच उंबऱ्यावर ठेवलं आणि ओच्यातून हातोडी नि पोलादी खिळा काढला.

"थांबा! पन्नास देतो!"

तिनं खिळा नाण्यावर टेकवला.

"शंभर! अहो बाई, दोनशे देतो!" शेट गादीवरून धडपडत उठला.

नाणी दाखवायला आलेल्या भिवाजीनं आपली पुरचुंडी गुपचूप मुंडाशात खोचली.

बाईनं दात-ओठ खाऊन चार घाव घातले. खिळा नाण्यातून आरपार लाकडात गेला. शेटच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नाणं माझं, त्यात खोटं," गोजराबाई म्हणाली, "मंग तुमी कशापायी रडताय, शेट?"